दाराला मजला समजून

पहिला मजला मागे पडला आणि लिफ्टला एक उचकी लागली. एकच, आणि तीही चारचौघांत लागावी तशी, तोंडावर हात धरून. सासूबाईंच्या हातातला नवा प्लास्टिकचा स्टूल माझ्या गुडघ्यावर आपटला, दिवा लुकलुकला आणि आम्ही थांबलो. मग लिफ्टमधल्या बाईंचा आवाज आला. हा आवाज आमच्या कंपनीने कितीतरी आवाज ऐकून निवडलाय. नर्सने कडू औषध पाजताना काढावा तसा गोड आहे. "चौथा मजला आला. दार उघडलं आहे. सावकाश बाहेर या." वर चारचा आकडा हिरवागार पेटलेला. दार मात्र बंद. दारातल्या उभ्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागात पहिल्या मजल्याच्या दाराची पाठ दिसत होती, ग्रीसने माखलेली, आणि वरच्या अर्ध्यात नुसतं सिमेंट. इमारत बांधताना कुणा गवंड्याने त्या ओल्या सिमेंटवर बोटाने एक चेहरा काढून ठेवला होता. दोन डोळे आणि एक सरळ रेघ. तो माझ्याकडे बघत होता.

"आला की चौथा," सासूबाई म्हणाल्या. "दार कुठाय?"

मी कान देऊन उभा होतो. बाई पुन्हा बोलल्या तोवर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ गेला. "दार बंद होत आहे." आणि वर, खूप वर, एक दार खरोखरच बंद झालं. आमच्या दारांचा आवाज मी झोपेतही ओळखतो, ओठ मिटल्यासारखा येतो. म्हणजे इतका वेळ ते उघडं होतं. आम्ही इथे, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे, आणि चौथ्या मजल्याचं दार लिफ्ट नसताना उघडं. आणि चौथ्या मजल्यावर, त्या दारासमोर, यावेळी माझे बाबा उभे असतात.

बाबांना समोरचं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे जे बघायचं ते सोडून बाकी सगळं दिसणार." तसंच झालं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघतात, कारण मी त्यांना तिथूनच दिसतो. रोज ऊन उतरलं की ते खालच्या बाकावर जाऊन बसतात. लिफ्टचं बटण त्यांना सापडत नाही, आणि सापडत नाही हे कबूल करायला ते तयार नाहीत, म्हणून ते दारासमोर जाऊन नुसते उभे राहतात. कोणी ना कोणी वर येतंच. दार उघडलं की ते बाजूला होऊन "या" म्हणतात, जसं काही लिफ्ट त्यांच्या घरची आहे, आणि मग आत पाऊल टाकतात. सगळ्या इमारतीला ही सवय माहीत आहे. दार उघडलं म्हणजे लिफ्ट आली. यात शंका घेण्यासारखं काय आहे? मी स्वतःच कधी घेतली नाही.

सासूबाईंनी हात पुढे करून चारचं बटण दाबलं. माझ्या लक्षात येईपर्यंत दाबून झालं होतं. "चौथा मजला आला," बाई म्हणाल्या. "दार उघडलं आहे. सावकाश बाहेर या." मी सासूबाईंचं मनगट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना पाया पडण्यापलीकडे कधी हात लावलेला नव्हता. मनगट बारीक होतं आणि बांगड्यांखाली गरम.

"हात सोडा," त्या म्हणाल्या.

"आई, बटण दाबू नका. कुठलंच."

"अहो, दाबल्याशिवाय ती हलणार कशी?"

"ती हलत नाहीये. तिथलं दार उघडतंय. वरचं. चौथ्याचं."

"मग बरंय की. उघडं असलं म्हणजे आपण गेल्या गेल्या बाहेर."

मी वर बघत होतो. छताला एक पंखा आणि एक स्टीलची जाळी. जाळीवर माझा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. मी मनात आकडे म्हणत होतो, आणि ते किती झाले की दार मिटेल हे मला आता माहीत होतं, कारण या दारांच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे. तेच माझं काम. आमच्या लिफ्टला दोन भाषा येतात. वरची भाषा सोपी, कोणीही शिकावी अशी. "तुमची लिफ्ट, तुमचे नियम" असं आमच्या जाहिरातीत आहे. इमारतीचा जो कोणी व्यवस्थापक असेल त्याने त्या भाषेत बसून लिहावं, दुपारी हळू चाल, पाहुण्यांना नमस्कार कर, अमुक मजल्यावर दार जरा जास्त वेळ धर. खालची भाषा यंत्राची. ती मोटर फिरवते, ती जलद आहे आणि ठार आंधळी आहे. वरच्या भाषेत प्रत्येक वस्तूला स्वतःची जात ठाऊक असते. दाराला विचारलं तर ते दार म्हणून सांगतं, मजल्याला विचारलं तर मजला म्हणून. पण वरून खाली जाताना मधे एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीतून वस्तू जात नाही, फक्त तिचा पत्ता जातो. अमुक ठिकाणी जा, पहिला कप्पा उघड, जे मिळेल ते वाच. मजल्याच्या पहिल्या कप्प्यात त्याची उंची असते, मिलिमीटरमध्ये. दाराच्या पहिल्या कप्प्यात ते किती वेळ उघडं राहायचं तो आकडा असतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. दुसऱ्या कप्प्यात दोघांचाही क्रमांक. बाहेरून अगदी जुळ्या भावांसारखे. खिडकीवर बसून प्रत्येकाला "तू मजला आहेस ना? तू दार आहेस ना?" असं विचारणं आणि पाठीवरचा शिक्का बघणं, हे मी लिहिलं होतं. ऑफिसात मला नाकेदार म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी आलो की पोरं हात वर करून उभी राहायची, झडती घ्या म्हणून.

आमच्या साहेबांना सगळे गतीसाहेब म्हणतात, कारण त्यांना लिफ्टपेक्षा गतीचं वेड जास्त. तळमजल्यापासून वर जायला लिफ्टला चांगला अर्धा मिनिट लागतो. माझ्या विचारपुशीला पापणी लवायच्या हजाराव्या हिश्शाइतका. पण तो हिस्सा गतीच्या तक्त्यावर लाल रंगात यायचा, आणि लाल रंग गतीसाहेबांना सोसत नाही. ते माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले, पाय हलवत. "मला सांग, घरातल्याच माणसाला दारात अडवून तू कोण, असं कोणी विचारतं का?" नाही विचारत. "मग. चाचणीच्या प्रतीत ठेव की. गिऱ्हाईकाकडे जाते तिच्यातून काढ. सगळे असंच करतात." हेही खरं होतं. सगळे असंच करतात. पोराला पोहायला शिकवताना टबात पाठीला डबा बांधायचा, आणि खोल पाण्यात सोडताना डबा सोडून घ्यायचा, याला आमच्या धंद्यात पद्धत म्हणतात. मी मान डोलावली आणि गिऱ्हाईकाच्या प्रतीतून विचारपूस काढून टाकली. त्या दिवशी ऑफिसात सामोसे का काहीतरी होते, मला चव आठवते पण नाव नक्की आठवत नाही, इतकं ते साधं होतं.

"दार बंद होत आहे."

वर ओठ मिटले. कोणी ओरडलं नाही. काही पडलं नाही. मी श्वास सोडला तर तो काचेवर उमटला आणि गवंड्याचा चेहरा त्यात बुडाला.

"बारा सेकंद," मी म्हणालो.

"काय बारा?"

"चौथा मजला बारा मीटरवर आहे. म्हणून ते बारा सेकंद उघडं राहतंय. ती दाराला मजला समजून आलीय आणि मजल्याला दार समजून उघडतेय. कोणीतरी दोघांची अदलाबदल केलीय."

सासूबाईंनी स्टूल खाली ठेवला. त्याच्यावर एकदा हाताने दाब दिला, मग दुसऱ्या बाजूने दिला, आणि बसल्या. तासाभरापूर्वी दुकानात त्यांनी असे सगळे स्टूल बसून बघितले होते. दुकानदार म्हणाला होता, मावशी, पंचवीस माणसं नाचली तरी काही होणार नाही. त्या म्हणाल्या होत्या, मला नाचायचं नाही, अंघोळ करायचीय. माझी बायको ऑफिसच्या कामाला परगावी गेली म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि आल्या दिवशीच त्यांनी आमच्या न्हाणीघरातला स्टूल डुगडुगतो असा निकाल दिला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "लिफ्टला दार कुठलं आणि मजला कुठला तेवढंही कळत नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही तिला शिकवता."

"मी विचारतो तिला. म्हणजे विचारायचो."

"मी सगळ्यांना सांगत असते, जावई लिफ्टमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहेत." त्यांनी स्टूलवरून इकडेतिकडे बघितलं. "आहात खरे."

दुसऱ्या कुठल्या वेळी मी हसलो असतो. मी फोन काढला. सिग्नलची एक काडी दिसत होती, ती गेली, पुन्हा आली. बाबांना लावला. फोन वाजत राहिला, आणि मला तो वाजताना दिसत होता, खिडकीपाशी, चार्जरला लावलेला, सतारीसारखा थरथरत सरकत सरकत खिडकीच्या कडेला चाललेला. त्यांनी उचलला नाही म्हणजे ते घरात नाहीत. घरात नाहीत म्हणजे दारासमोर आहेत. मग मी स्वतःला सांगितलं, घाबरायचं कारण नाही. काठी आहे. काठी आहे म्हटल्यावर खरोखरच छातीवरचं कोणीतरी उठून बाजूला झालं. बाबांची काठी म्हणजे आमच्या घराला एक वेगळंच प्रकरण आहे. ते पाऊल टाकण्याआधी काठी टाकतात, बसण्याआधी खुर्चीला टकटक, झोपण्याआधी पलंगाच्या कडेला टकटक, ताटाला नाही हे नशीब. एकदा दवाखान्यात त्यांनी शेजारी बसलेल्या एका काटकुळ्या माणसाच्या नडगीवर दोनदा टकटक केलं आणि मला मोठ्याने सांगितलं, "ही खुर्ची नाही." तो माणूस इतका आजारी होता की त्याने नुसतं हो म्हटलं. डॉक्टरांच्या बुटावरही केलं. मला त्या टकटकीची लाज वाटायची. घरात, जिथे त्यांना भिंतीचा पोपडासुद्धा पाठ आहे, तिथे टकटक कशाला? पण लिफ्टमध्ये शिरताना ते कधीच चुकत नाहीत. दार उघडतं, ते "या" म्हणतात, काठी आत जाते, फरशीवर टक, मग पाय. टक नाही तर पाय नाही. इतकं सोपं.

"काठी आहे त्यांच्याजवळ," मी मोठ्याने म्हणालो. "टेकवल्याशिवाय नाही शिरत."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आई?"

"दुपारी जरा डोळा लागला होता माझा," त्या म्हणाल्या. "तर टकटक, टकटक. पाणी प्यायला उठले तरी टकटक. घरातल्या घरात कशाला लागते हो माणसाला काठी? मी उचलून कपाटामागे ठेवली."

छातीवरचं जे उठून गेलं होतं ते परत येऊन बसलं, आणि आता पाय पसरून बसलं. मला गतीसाहेबांचे हलणारे पाय दिसले. घरातल्याच माणसाला. घरातल्या घरात. जगात सगळी माणसं एकच वाक्य बोलतात, नुसती वेगवेगळ्या टेबलांवर बसून. आता बाबा काय करतील? ते काठी शोधतील. नेहमीच्या जागी, दारामागे, हात फिरवतील. मग कुरकुरत म्हणतील, राहू दे, लिफ्टपर्यंतच तर जायचंय. त्यांना विहीणबाईंना विचारायची लाज वाटेल आणि विहीणबाई तर इथे स्टूलवर. ते भिंतीला बोटं लावून बाहेर येतील. ते येऊन उभे असतील. समोर गुळगुळीत दार, जे त्यांना दिसत नाही, दिसते ती डाव्या हाताची भिंत आणि उजव्या हाताची कुंडी. मग दार सरकेल. आतून कोणी बाहेर येणार नाही, पण रिकामी लिफ्ट वर येतेच की कधीकधी. ते सवयीने "या" म्हणतील, अंधाराला. लहानपणी ते मला घेऊन पायऱ्या उतरायचे तेव्हा शेवटच्या पायरीनंतर नसलेल्या एका पायरीवर मी पाय टाकायचो, आणि जमीन आधीच यायची, आणि ती अडखळ पोटापर्यंत जायची. तेव्हा ते हसायचे. म्हणायचे, नसलेल्या पायरीवर पाय टाकलास तर काही नाही, असलेली चुकवू नको. आता उलट होतं. आता जमीन येणारच नव्हती. ती किती वेळ येणार नव्हती याचा हिशेब मी करू शकत होतो, शाळेतलं गणित आहे, आणि माझ्या डोक्याने तो माझ्या परवानगीशिवाय केलाही. मी कपाळ काचेला लावलं. काच गार होती. पलीकडे तो चेहरा, सरळ रेघेच्या तोंडाचा. त्याला हसायला काढलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, मग वाटलं, नको.

मी आत उभं राहून काय करू शकत होतो? दुसरा दाबला तर दुसऱ्याचं दार उघडेल, सहा सेकंद; दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत यावेळी मुलं चेंडू खेळतात. सहावा दाबला तर अठरा. जितका मजला उंच तितकं भोक जास्त वेळ उघडं. तळमजला एकटा सुरक्षित, त्याची उंची शून्य, त्याचं दार उघडणारच नाही. आणि मी काहीही दाबलं नाही तरी बाहेरचं कोणीही दाबू शकत होतं. बाहेर दुकानातून, ऑफिसातून, क्लासातून लोक परतत होते, आणि प्रत्येकाचं एक बोट मोकळं होतं. आमच्या कंपनीने बाहेरची दारं अडकवून ठेवणारे जुने लोखंडी आकडे काढून तिथे आपली हुशार कुलपं बसवली होती. जुने आकडे मूर्ख होते, लिफ्ट समोर नसली तर कोणाच्याही बापाचं ऐकायचे नाहीत. आतल्या दाराचा आकडा तेवढा अजून बदलायचा राहिला होता, म्हणून आम्ही बंद होतो.

"चौथा मजला आला," बाई म्हणाल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी ते उचलून मला दाखवले, चोरी न केलेल्या माणसासारखे. कोणीतरी बाहेरून दाबलं होतं.

"दार उघडलं आहे. सावकाश बाहेर या."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, बाबा असंच असेल. लिफ्टमध्ये ओरडलेलं लिफ्टमध्येच राहतं, आम्ही त्यासाठी भिंतींना आतून अस्तर लावतो. सासूबाईंनी कानावर हात ठेवले. आणि मग वर, आमच्या डोक्यावर, छतावर, धप्प झालं.

पंख्यातून थोडी धूळ खाली आली. ती दिव्याच्या उजेडात सावकाश फिरत सासूबाईंच्या केसांवर बसली. आम्ही दोघं वर बघत होतो. दुसरा आवाज आला नाही. काहीतरी जरासं घसरलं आणि थांबलं. माणूस पडला तर किती मोठा आवाज होतो? मला माहीत नव्हतं. बाबा वजनाने आता काहीच राहिलेले नाहीत, न्हाणीघरात घसरले होते तेव्हा मी त्यांना एका हाताने उचललं होतं आणि इतके हलके लागले की मला त्यांचा राग आला होता. हा आवाज लहान होता. पण आमचं छत जाड आहे, अस्तर आहे, जाळी आहे. मोठा आवाज इथे लहान होऊनच येणार. मी छताशी बोलायचा प्रयत्न केला. "बाबा?" छताने काही म्हटलं नाही. माणसाला नुसतं हाक मारून विचारता येतं आणि तो असेल तर ओ देतो, या गोष्टीवर मी सगळं आयुष्य काढलं होतं. सासूबाईंनी माझा हात धरला. या वेळी त्यांनीच.

"मी संध्याकाळी काढून देणार होते," त्या म्हणाल्या. "आल्यावर. स्टूल ठेवला की लगेच."

"दार बंद होत आहे."

मग मला इंटरकॉम आठवला. लिफ्टच्या माणसाला लिफ्टचा इंटरकॉम शेवटी आठवावा, याला काय म्हणायचं ते म्हणा. लाल बटण, खाली वॉचमनच्या खोलीत वाजतं. उचललं मास्तरांनी. मास्तर आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. जन्मभर भूमिती शिकवली, आता लिफ्ट शिकवतात.

"कोण?"

"मास्तर, मी. लिफ्टमधून."

"अरे वा, इंजिनिअर. तुम्हीच पहिले. आत्ताच चढवला मी नवा नियम. कसा वाटतोय?"

"मेन स्विच बंद करा. आत्ता."

"का? छान चाललीय. तुम्ही चौथ्यावर आहात."

"आम्ही चौथ्यावर नाही."

"इथे चार दाखवतंय," मास्तर म्हणाले, वर्गात चुकलेल्या मुलाला समजावतात त्या आवाजात. "तुम्ही बाहेर आला नाहीत म्हणून मीच इथून परत एकदा दाबलं."

मी डोळे मिटले. "मास्तर, नियमात दार आधी लिहिलंय का मजला?"

"दार. साहजिकच आहे. माणसाला आधी दार दिसतं, मजला नंतर. तुमच्या पुस्तकात उलटं दिलंय, ते मी सुधारलं. आणि सगळ्या दारांचा वेळ चार सेकंद केला. तुमच्या वडिलांना चढायला जरा जास्त लागतो ना, मुद्दाम त्यांच्यासाठी."

"आम्ही तुमच्या त्या चार सेकंदांवरच उभे आहोत, मास्तर. चार मीटरवर. तुम्ही चाचणी केली नाहीत?"

"केली तर. तुम्हीच दिलेल्या प्रतीवर. ती सारखी लाल अक्षरं दाखवत होती, हे दार आहे, मजला नाही, हे दार आहे, मजला नाही. डोकं उठलं. मग म्हटलं, खऱ्या लिफ्टवर चढवून बघू. चढवला आणि लाल अक्षरं गेली. एकही नाही. आपोआप दुरुस्त झालं."

सासूबाई स्टूलवरून उठल्या, माझ्या खांद्यावरून इंटरकॉमच्या जाळीकडे तोंड नेलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो मास्तर, वरून आमच्या डोक्यावर काहीतरी पडलंय. स्विच बंद करा नाहीतर मी बाहेर आल्यावर तुम्हाला भूमिती शिकवीन."

दिवा गेला. पंखा थांबला. अंधारात त्यांच्या बांगड्यांचा आवाज आणि माझ्या कानातलं रक्त. मास्तरांनी वॉचमनला शोधलं, वॉचमनने किल्ली शोधली, किल्ली टाकीवरच्या खोलीत, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच की वर काहीतरी पडून आहे आणि मी त्याच्या खाली उभा आहे, आणि आमच्यामध्ये एक पत्रा. मी हात वर करून त्या पत्र्याला तळवा लावला. गार की गरम हे बघत होतो. मग हात काढला, कारण मला कळलं की मी काय बघतोय. थोड्या वेळाने लिफ्ट हलू लागली, हाताने चक्र फिरवून सोडतात तशी, बोटबोट, कण्हत. गवंड्याचा चेहरा अंधारात वर निघून गेला. पहिल्या मजल्याचं दार फटीएवढं उघडलं, फटीतून टॉर्च, टॉर्चमागे वॉचमन.

"छतावर बघ," मी म्हणालो. "आधी छतावर."

त्याला ते विचित्र वाटलं असणार, पण तो दुसऱ्यावर गेला, तिथलं दार किल्लीने उघडून वाकला. आम्ही टॉर्चचा उजेड जाळीतून फिरताना बघत होतो. तो फार हळू फिरत होता.

"चप्पल आहे," तो म्हणाला.

"आणखी?"

"एकच आहे. डाव्या पायाची."

"माणूस?"

"कसला माणूस?" तो म्हणाला. "नाही माणूस."

आम्हाला बाहेर काढलं तेव्हा मास्तर पहिल्या मजल्यावर पट्टी धरल्यासारखे उभे होते. मी त्यांना म्हणालो, मेन स्विच बंदच ठेवा, कोणालाही हात लावू देऊ नका. ते म्हणाले, "हो हो." मी पायऱ्या चढायला लागलो. एक चप्पल म्हणजे माणूस नाही, हे मला कळत होतं. पण एक चप्पल म्हणजे एक पाय पुढे गेला होता, हेही कळत होतं. दुसऱ्या मजल्यावर मुलं खरंच चेंडू खेळत होती. तिसऱ्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता. मागे सासूबाई येत होत्या, स्टूल घेऊन, धापा टाकत, मधेच थांबून, आणि दर वळणावर विचारत होत्या, दिसले का, दिसले का.

बाबा दिसले. लिफ्टच्या दारासमोर त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून मांडली होती आणि दाराकडे पाठ करून ते तिच्यावर बसले होते, रस्ता अडवून, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, पहिल्यावर ठेवलेला.

"कोण?" ते म्हणाले.

"मी."

"मी कोण? मी सगळेच असतात."

"मी बाबा, मी."

"नुसतं म्हणू नकोस, जवळ ये." मी खुर्चीसमोर गुडघ्यावर बसलो. त्यांनी माझ्या कानाशेजारच्या हवेकडे बघत हात पुढे केला. कपाळ, नाक, हनुवटीवरची जुनी खोक. बोटं गार होती आणि त्यांना लसणाचा वास होता. "हं," ते म्हणाले. "तूच. अरे, हे दार उघडतंय आणि आत काही नाही. काठी कुठे मिळेना. मग काय करायचं, चप्पल काढून आत सरकवली. ती गेली ती गेलीच. खाली पोचल्याचं ऐकलं तेव्हा म्हटलं, इथे कोणीतरी बसायला पाहिजे. कोणी आलं की आधी विचारायचं."

मी त्यांचा हात धरला होता. मला काही बोलायचं होतं, पण गळ्याशी येऊन ते कुठल्या जातीचं आहे तेच मला कळत नव्हतं, रडू का हसू का शिवी. जिन्यात सासूबाई शेवटच्या वळणावर आल्या होत्या. बाबांनी मान तिकडे वळवली. "कोण?"

"मी हो," सासूबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "तुमची काठी माझ्याकडे आहे."

तेवढ्यात मोकळ्या जागेतला दिवा एकदा लुकलुकला. खाली, चार मजल्यांखाली, मोटर गुणगुणायला लागली. आत्ता नीट झालं असेल, एकदा चालू करून बघायला काय हरकत आहे, असं कोणीतरी तिथे म्हणालं असणार, आणि कोण ते मला माहीत होतं. विहिरीतून यावा तसा बाईंचा आवाज वर आला, गोड, लांबचा. चौथा मजला आला. बाबांच्या पाठीमागे दार सरकलं. तिथे काही नव्हतं. तेलाचा वास होता आणि खालून वर येणारी गार हवा, तिने त्यांच्या मानेवरचे पांढरे केस हलले. खुर्चीचे मागचे दोन पाय उंबऱ्याच्या पट्टीवर होते.

"तू आलास म्हणजे आता खरी आली वाटतं लिफ्ट," बाबा म्हणाले आणि उठायला लागले.

मी दोन्ही हातांनी त्यांची मनगटं धरली.

"हात सोड," ते म्हणाले. "दुखतोय."

मी सोडला नाही. दार बारा सेकंद उघडं राहणार होतं.